मेलेल्याला कॉलम कशाला

कुरियरच्या काउंटरवरच्या माणसानं खोकं उचलून नाकापाशी नेलं, झटकन हातभर लांब धरलं आणि विचारलं, "मॅडम, आत काय मेलंय?"

"काही नाही. प्रयोगशाळेचे नमुने आहेत. कागदावर सगळं लिहिलंय."

"कागदाला वास नाही येत. खोक्याला येतोय." त्यानं खोकं काउंटरच्या पार दुसऱ्या टोकाला सरकवलं. "हे विमानात चढवलं तर मला नोकरीवरून उतरवतील."

"धोक्याचं नाहीये ते. थेंबभर आहे."

"थेंबभर असून हा रुबाब?"

मागच्या रांगेत कुणीतरी हसलं. एका बाईनं ओढणी नाकाला लावली. खोकं आणणारीनं ते परत आपल्याकडे ओढलं. बोलून उपयोग नव्हता, कारण माणूस खरं बोलत होता. खोक्याला वास येत होता, आणि आत मेलेलंच होतं.

"वासाचं काहीतरी करा आणि आणा परत," तो जरा नरमून म्हणाला. "मी काय, इथेच आहे. मला कोण नेतंय?"

सुक्या बर्फानं गार पडलेलं खोकं पोटाशी धरून ती परत प्रयोगशाळेकडे चालायला लागली. सकाळी निघताना अप्पांनी, तिच्या वडिलांनी, तोंडावरचा मास्क बाजूला करून विचारलं होतं, "आज जाणार ना?" आणि तिनं बूट घालता घालता म्हटलं होतं, "आज जाणारच."

अप्पांची फुप्फुसं वाळत चालली होती. डॉक्टर आता औषधं बदलत नव्हते, फक्त ऑक्सिजन वाढवत होते. याचा अर्थ घरात सगळ्यांना कळला होता आणि कुणीच तो उच्चारत नव्हतं. अप्पांनीही नाही. ते फक्त एवढंच म्हणायचे, "उत्तर माझ्या डोळ्यांदेखत यायला हवं."

कसलं उत्तर, ते सांगायचं तर थोडं मागे जायला हवं.

पेशीत हजारो प्रथिनं पाण्यात वावरत असतात. पण त्यातल्या काहींचं काम असतं पेशीच्या कडेला, तिच्या आवरणाशी, आणि ते आवरण असतं चरबीचं. पाण्यातल्या प्रथिनाला तिथे टिकायचं तर त्याला चरबीची एक शेपटी लागते. शेपटी आवरणात रुतली की प्रथिन जागेवर बसलं. शेपटी नसली की ते पेशीभर भटकत राहतं, ना कामाचं ना धामाचं. ही शेपटी जोडून देणारी एन्झाइमं असतात. त्यातलं एक, पूर्वी कुणाला ठाऊक नसलेलं, अप्पांनी शोधलं होतं. त्यावर त्यांचा पेपर होता, पेपरावर आणखी पेपर होते, आणि पुस्तकांमधल्या एका आकृतीत एका बाणाच्या डोक्यावर त्या एन्झाइमचं नाव होतं. घरात मात्र त्याला कुणी त्या नावानं हाक मारली नाही. घरात तो ‘शिंपी’. अप्पांना यायला उशीर झाला की आई म्हणायची, "एकदा घरी तरी आणा त्या शिंप्याला. पडदे शिवायचे पडलेत." अप्पा दरवेळी हसायचे. जुन्या विनोदावर दरवेळी हसणं हाही संसाराचाच भाग असतो.

ती त्याच प्रयोगशाळेत शिकली आणि अप्पा निवृत्त झाल्यावर तिथेच काम पुढे चालवू लागली. कामावर सगळे तिला मॅडम म्हणायचे. अप्पांसाठी ती ठमीच राहिली, तिच्या अंगावर मांस उरलं नाही तरी.

आणि मग दुसऱ्या एका प्रयोगशाळेतल्या बाईंचं पत्र आलं. त्यांनी अप्पांचा प्रयोग करून पाहिला होता आणि त्यांना वेगळंच दिसलं होतं. शिंपी जिवंत असो की मेलेला, शेपटी सारखीच लागते. म्हणजे शिंप्याचं त्यात काही कर्तृत्व नाही. अप्पांनी त्या बाईंचं नाव ठेवलं शंकासूर. "हात साफ नसतील," ते म्हणाले. पण नियतकालिकाच्या संपादकांनी ते पत्र बाजूला टाकलं नाही. त्यांनी तोडगा काढला: अप्पांच्या प्रयोगशाळेनं स्वतःचंच एन्झाइम, जिवंत आणि मेलेलं, दोन्ही पेपरात वापरलं तसंच्या तसं, त्या बाईंकडे पाठवावं. त्यांनी ते वापरून पाहावं. फरक दिसला तर आक्षेप मागे घ्यायचा, नाही दिसला तर पेपर मागे घ्यायचा.

मेलेलं एन्झाइम म्हणजे उकळलेलं. असल्या प्रत्येक प्रयोगात जिवंत एन्झाइमच्या शेजारी एक उकळून मारलेलं ठेवतात. जिवंतानं काम केलं आणि मेलेल्यानं केलं नाही, तरच ते काम एन्झाइमचं. शेपटीला चमकणारा रंग लावलेला असतो. जेलच्या पातळ पारदर्शक वडीवर जिवंताच्या खाली बँड, म्हणजे एक पट्टी, उजळतो, मेलेल्याच्या खाली अंधार राहतो. अप्पांच्या प्रत्येक जेलवर तो अंधार स्वच्छ काळा असायचा. नव्या मुलांना ते सांगायचे, "शेजारचा अंधार बघा रे. उजेड काय, कुणीही दाखवेल."

आता त्या वासाचं. शिंपी नाजूक. नुसता ठेवला तर नासतो. म्हणून ठेवणीच्या द्रावणात मर्कॅप्टो नावाचं एक रसायन घालतात. त्याला सडक्या अंड्यांत रबर जाळल्यासारखा वास येतो. ते एन्झाइमला सांभाळतं, पण त्याची एक खोड आहे: ते शेपटी तोडतं. म्हणून वापरण्याआधी जिवंत शिंपी अंगठ्याएवढ्या एका कॉलममधून, म्हणजे बारीक मणी भरलेल्या नळीतून, गाळून घ्यायचा. मर्कॅप्टो कॉलममध्ये अडकतं, शिंपी खाली उतरतो. कॉलम भरा, धुवा, थेंब थेंब गाळा, त्यात सकाळ जाते. उकळलेल्यासाठी हा खटाटोप कुणीच करत नसे. ती पहिल्या आठवड्यात तिथे आली तेव्हा तिनं विचारलं होतं, "हे नाही गाळायचं?" आणि अप्पा म्हणाले होते, "मेलेल्याला कॉलम कशाला? मर्कॅप्टो तोडतं ते लागलेली शेपटी. मेलेला शेपटी लावणारच नाही, तर ते तोडणार काय?"

तिला ते पटलं होतं. सगळ्यांनाच पटायचं.

त्या दुपारी, केवळ कुरियरवाल्याच्या नाकासाठी, त्या प्रयोगशाळेत पहिल्यांदा मेलेला शिंपी कॉलममधून उतरला.

"मॅडम, मेलेल्याला आंघोळ?" शेजारच्या टेबलावरून वकील म्हणाला. तो रसायनशास्त्राचाच माणूस, पण कुठल्याही गोष्टीची उलटतपासणी घेतो म्हणून सगळे त्याला वकील म्हणत.

"वास जात नाहीये."

"मग सेंट लावून पाठवा की. बाई खूश होतील."

ती हसली. कॉलमखालची ट्यूब हुंगून पाहिली. वास गेला होता. तशीच बंद करून खोक्यात ठेवता आली असती, पण तपासल्याशिवाय दारातून काही बाहेर जाता कामा नये ही अप्पांची शिस्त तिच्या अंगात मुरलेली होती. तिनं जिवंताच्या आणि मेलेल्याच्या ट्यूबमधलं थोडं थोडं घेऊन नेहमीचा प्रयोग लावला. दुसऱ्या दिवशी सकाळी जेल स्कॅनरवर ठेवलं.

पडद्यावर शेजारी शेजारी दोन बँड उजळले. दोन्ही सारखे.

"ट्यूब चुकलीय. दोन्हीकडे जिवंतच गेलाय," वकील म्हणाला.

"हो. तसंच असणार."

तिनं पुन्हा लावला. ट्यूब चुकलेली नव्हती. मग तिला वाटलं, नीट उकळलेलं नसेल. नवं उकळलं, जास्त वेळ. गाळलं. उजळलं. फ्रीझरच्या तळाचा, अप्पांच्या अक्षरातलं लेबल असलेला, मेलेल्याचा जुना साठा काढला. न गाळता लावला: काळा अंधार, पेपरातल्यासारखा. त्यातलाच गाळून लावला: उजेड. मग जिवंत शिंप्यात मुद्दाम मर्कॅप्टोचा थेंब टाकला, आणि जिवंताच्या खालीही अंधार पसरला.

वकील तिच्या मागे येऊन उभा राहिला होता. त्यानं जेलचे सगळे फोटो टेबलावर एका रांगेत लावले. 

शेवटी तिनं तो प्रयोग केला जो कुणी कधी केला नव्हता, कारण त्याची गरजच वाटली नव्हती. शिंपी नाहीच, ना जिवंत ना मेलेला. नुसतं पाणी, क्षार, प्रथिन आणि चरबी. तिथेही बँड उजळला, तितकाच. शेपटी कुणी जोडत नव्हतं. ती आपली आपण चिकटत होती. मेलेल्याच्या ट्यूबमध्येही चिकटायची, पण तिथलं न गाळलेलं मर्कॅप्टो ती चिकटल्या चिकटल्या तोडून टाकायचं. अप्पांनी आयुष्यभर जो अंधार दाखवला तो मेलेल्या एन्झाइमचा नव्हता. तो त्या वासाचा होता.

एक आशा उरली होती. अप्पांचं द्रावण किंचित अल्कलीधर्मी असायचं, आणि अल्कलीत शेपटी आपोआप जास्त चिकटते. पीएच कमी केला, पेशीत असतो तितका, तर हे फुकटचं चिकटणं थांबेल. आणि मग त्या शांततेत शिंप्याचं स्वतःचं काम, थोडं का होईना, ऐकू येईल. आपोआप चिकटण्याच्या गलक्यात आजवर ते झाकलं गेलं असेल. असू शकतं. का नसेल?

तिनं पीएच कमी करून लावला. जेल स्कॅनरवर ठेवण्याच्या घाईत त्याचा एक कोपरा फाटला.

सगळीकडे अंधार. जिवंताच्या खालीही.

तिनं स्कॅनरचा उजेड वाढवला. काही नाही. आणखी वाढवला. काळ्याचं करडं झालं, करड्यात धुरळा दिसायला लागला, आणि त्या धुरळ्यात ती बँड शोधत राहिली. एकदा वाटलं आहे. डोळे मिटून उघडले तर तो भलतीकडेच होता. पुन्हा वाढवला. सगळा पडदा पांढरट झाला.

"मॅडम," वकील म्हणाला, "पुरे."

"थांब जरा."

"पुरे आता. काही नाहीये तिथे."

"तुला काय कळतं?" ती ओरडली. आणि मग हळू आवाजात, "सॉरी."

"ओरडा हो," तो म्हणाला. "मीही सकाळी बाथरूममध्ये जाऊन ओरडून आलोय." त्याची नोकरीही शिंप्यावरच होती.

घरी रोज प्रश्न होताच. "गेलं?"

"बर्फ संपला होता."

"बर्फ काय सोन्याचा आहे?" दुसऱ्या दिवशी: "गेलं?"

"सुट्टी होती त्यांना."

"कसली सुट्टी?" अप्पांच्या दोन शब्दांमध्ये आता एक श्वास लागायचा आणि दोन वाक्यांमध्ये तीन. तरी ते उलटून विचारायचे. आई स्वयंपाकघरातून म्हणायची, "अहो, पाठवेल ती. तुमच्यासारखीच आहे, एकदा कामाला लागली की जग बुडालं तरी उठत नाही."

त्या दिवशी ती आली तेव्हा अप्पा उशांना टेकून बसले होते. खोलीत ऑक्सिजनच्या यंत्राची घरघर होती. यंत्र आल्यापासून घरात सगळे जरा मोठ्यानंच बोलायचे.

"ठमे, इकडे ये." ती गेली. "इकडे बघ." तिनं पाहिलं. "काय झालंय?"

ती म्हणू शकली असती, काही नाही. तिनं पिशवीतून जेलचा फोटो काढला आणि त्यांच्या हातात दिला. तो तिनं का आणला होता, हे तिला तेव्हाही सांगता आलं नसतं.

अप्पांनी चष्मा मागितला. फोटो डोळ्यांजवळ नेला.

"कुणी केलंय?"

"मी."

"मग बरोबर. तुझा हात पहिल्यापासून जड."

"वकिलानंही केलं. वेगळं."

"तो तर... गप्पाच मारतो." श्वास. "नीट उकळलं होतंस?"

"दोनदा."

"जुना साठा घेतलास?"

"तुमच्या हातचा."

त्यांनी मास्क लावला, थोडे श्वास घेतले, काढला. "मग आज वेगळं काय केलंस? काहीतरी केलं असशील. आजवर असं झालं नाही..." आणि तिथेच ते थांबले. नजर फोटोवरच होती. तिला कळलं की ते पोचले. त्यांच्या चेहऱ्यावर ते येताना तिनं पाहिलं. पाहायला नको होतं.

"गाळलंस," ते म्हणाले.

"वास येत होता म्हणून. कुरियरवाला घेईना."

यंत्र घरघरत राहिलं. अप्पांनी फोटो पालथा करून पांघरुणावर ठेवला आणि त्यावर हात ठेवला, वाऱ्यानं उडेल म्हणून ठेवावा तसा. खिडकी बंद होती.

मग ते म्हणाले, "जुनं आहे अजून? न गाळलेलं?"

"आहे."

"ते पाठव."

"अप्पा."

"ऐक. त्यांनी काय मागितलंय? पेपरात वापरलं ते. तसंच्या तसं. पेपरात काय वापरलं?" श्वास. "न गाळलेलंच ना? मग? यात खोटं काय आहे?"

"तुम्हाला माहितीये काय आहे ते."

"मला काही माहिती नाही. मी आजारी माणूस आहे." ते हसायला गेले आणि खोकला आला. तिनं त्यांना पुढे वाकवून धरलं. पाठीचे मणके हाताला लागत होते. खोकला थांबल्यावर ते तिच्या दंडाला धरूनच बोलू लागले, अगदी हळू, म्हणजे आईला ऐकू जाऊ नये. "डब्यात डबा घाल. वास येणार नाही. त्या बाईला अंधार दिसेल. ती गप्प बसेल. एवढंच. पुढे तू सांग की जगाला. चुकून सापडलं म्हण. बापाची चूक लेकीनं काढली म्हण, नाव होईल तुझं. मी कुठे असणार आहे तेव्हा? फक्त आत्ता नको. ठमे, आत्ता नको."

"त्या बाई..."

"खड्ड्यात गेल्या त्या बाई!"

आवाज चढला तशी आई दारात आली. हात ओले होते, ते तिनं तसेच अधांतरी धरले होते. आणि तिच्या देखतच अप्पांनी हात जोडले. एका बोटाला ऑक्सिजन मोजायचा चिमटा होता, त्यामुळे तळवे नीट जुळेनात. चिमट्याचा लाल दिवा दोन्ही तळव्यांमधून दिसत होता.

"अहो, हे काय?" आई घाबरून म्हणाली. "पोरीला कुणी हात जोडतं का?" आणि तिच्याकडे वळून, "काय मागतायत ते? कर की गं! माणूस हात जोडतोय आणि तू दगडासारखी उभी! काय अवघड आहे एवढं?"

"काही नाही, आई," ती म्हणाली. "डबा पाठवायचाय एक."

"मग पाठव की!"

"पाठवते."

अप्पांनी डोळे मिटले. चेहऱ्यावर इतकी सुटका होती की तिला तिथून उठवेना.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं डब्यात डबा घातला. जिवंताची ट्यूब, मेलेल्याची न गाळलेली ट्यूब, त्यांच्यावर पट्टी, पिशवी, डबा, पुन्हा पिशवी, मोठा डबा, बर्फ, खोकं. स्वतःच हुंगून पाहिलं. काही नाही. वकिलानं मान वर करून पाहिलं, खोक्यावरचा पत्ता वाचला आणि मान खाली घातली.

कुरियरच्या माणसानंही हुंगलं. "आता कसं! आता सासरी पाठवायला हरकत नाही."

तो शिक्का मारणार तेवढ्यात ती म्हणाली, "एक मिनिट," आणि खोकं परत ओढून घेतलं.

तिला सत्याचा पुळका आला होता असं नाही. अप्पांचे ते हात डोळ्यांपुढून हलत नव्हते, आणि त्यांच्यापुढे सत्याची किंमत तिला त्या क्षणी तरी काडीची वाटत नव्हती. पण तिला ती शंकासूर बाई दिसली. कधी न पाहिलेली. ती हे खोकं उघडणार, ट्यूब घेणार, विश्वासानं प्रयोग लावणार, आणि तिला अंधार दिसणार. मग ती परत लावणार. नवं जेल, नवं द्रावण. म्हणणार, आपलाच हात जड. आपणच काहीतरी चुकतोय. तिच्या मागे एखादा वकील उभा राहून म्हणणार, मॅडम, पुरे. आणि तिला खरं दिसलेलं असूनही ती माफी मागणार. गेले काही दिवस हे सगळं अंगावरून गेलं होतं. ते कुणाला पत्ता घालून पाठवणं तिला जमेना.

काउंटरशेजारच्या बाकावर बसून तिनं खोकं उघडलं. गाळलेली ट्यूबही तिच्या खांद्यावरच्या पिशवीत होती. ती सकाळी का उचलली, हाही प्रश्नच. मेलेल्याच्या दोन्ही ट्यूबच्या झाकणांवर जाड पेननं लिहिलं, एकावर ‘कॉलममधून’, दुसऱ्यावर ‘कॉलमशिवाय, मर्कॅप्टोसह’. त्या कामातल्या माणसाला एवढं पुरे. वाचताच कळतं.

"मॅडम, नक्की करा एकदा," माणूस म्हणाला. "मागे लोक खोळंबलेत."

"झालं," ती म्हणाली. शिक्का पडला.

"गेलं?" अप्पांनी विचारलं.

"गेलं."

ते हसले. मग हसू जागच्या जागी थांबलं. आयुष्यभर दुसऱ्यांचे निकाल तपासलेला माणूस, अर्ध्या उत्तरावर समाधान मानायची सवय नाही. "कुठली?"

"दोन्ही. नावं घालून."

अप्पांनी मास्क लावला आणि भिंतीकडे तोंड केलं.

त्यानंतर ते तिच्याशी बोलले नाहीत. जे काही असेल ते आईकरवी. ती खोलीत असायची, पलंगाच्या पायथ्याशी, हाताच्या अंतरावर, आणि अप्पा म्हणायचे, "तिला सांग, खिडकी उघड."

"उघड गं खिडकी," आई म्हणायची.

"तिला सांग, यंत्राचं पाणी बदल."

"तुम्हीच सांगा, समोर उभी आहे."

"तू सांग."

आई मग तिच्याकडे पाहून डोळ्यांनीच म्हणायची, सांभाळून घे. स्वयंपाकघरात मात्र एकदा तिनं विचारलं, "दुसरी ट्यूब नसती घातलीस तर काय आकाश कोसळलं असतं?" ती म्हणाली, "नसतं कोसळलं." आई सिंककडे वळली. नळ सोडून भांडी घासत राहिली, घासलेलीच.

ऑक्सिजन आणखी वाढवला. डॉक्टर आले, बाहेरच्या खोलीत हळू आवाजात बोलून गेले. अप्पांचं खाणं चमच्यावर आलं, मग चमचाही नको झाला. ती कामावर जाईनाशी झाली. जायला काही उरलंही नव्हतं. ती पायथ्याशी बसून असायची आणि अप्पा भिंतीकडे पाहत असायचे. तिला वाटलं, हे असंच संपणार. पाठच शेवटची दिसणार.

एका दुपारी भिंतीकडे तोंड करूनच ते म्हणाले, "तिला विचार... पीएच कमी करून बघितलं का?"

आईनं तिच्याकडे पाहिलं. "पीएच कमी केलं होतंस का, विचारतायत."

"सांग, केलं होतं. पेशीत असतो तितका."

"केलं होतं म्हणते."

"मग?" ते म्हणाले, आणि मान हळूहळू वळवली. मधे दोनदा थांबावं लागलं. इतक्या दिवसांनी त्यांनी तिच्याकडे पाहिलं. डोळे खोल गेले होते, पण नजर जेल पाहायचे तेव्हाची होती, उतावळी. आई आता मधे नव्हती. "मग? थोडं... दिसलं असेल?"

तिला कळलं की इतके दिवस भिंतीकडे पाहून ते हेच मांडत होते. तिनं मांडलं होतं तेच. फुकटचं चिकटणं बंद केलं की मागे शिंपी उरेल. तिचीच शेवटची आशा त्यांना आता सापडली होती, आणि त्यांच्या हातात ती अजून कोरी करकरीत होती. एक शब्द पुरला असता. हो. थोडं. पुसट. ते पडताळायला कोण जाणार होतं?

"नाही, अप्पा."

"उजेड वाढवून?"

"वाढवून. सगळा पडदा पांढरा होईपर्यंत."

"धुरळ्यात कधीकधी..."

"धुरळाच होता."

ते तिच्याकडे पाहत राहिले. ती नजर हलली नाही, पण तिच्यातली उताविळी हळूहळू उतरत गेली. तिनं मान फिरवली नाही. तेवढं तरी त्यांचं देणं लागत होती.

"काय झालं?" आई म्हणाली. "मला कुणी सांगाल का? इतके दिवस बघतेय, घरात काय चाललंय कळत नाही."

 मग अप्पाच म्हणाले, "आपला शिंपी..."

श्वास अपुरा पडला. मास्क लावला. काढला. त्यांनी तिच्याकडे पाहिलं.

"शिंपी शिवत नव्हता," ती म्हणाली.

"मला वाटायचं... तो शेपटी..."

"तो शेपटी जोडतो, असं अप्पांना वाटायचं. मलाही. सगळ्यांनाच."

"पण ती..." अप्पांनी बोटानं हवेत काहीतरी चिकटवून दाखवलं. चिमट्याचा लाल दिवा हलला.

"ती आपली आपण चिकटते, आई. शिंपी असला काय, नसला काय."

आई पदरानं चष्मा पुसत बसली. मग म्हणाली, "मग हा इतकी वर्षं करत काय होता?"

"काही नाही," अप्पा म्हणाले. हे मात्र त्यांनी एका श्वासात म्हटलं. आणि मग तिच्याकडे वळून, रागानं नाही, एखादं गणित समजून घ्यावं तसं, "चार दिवस... थांबता नाही आलं तुला?"

 त्या बाईचं सांगावं असं तिच्या मनात आलं, पण ते सांगून काय होणार होतं? ही विचारणा बरोबर होती. चार दिवसच होते, आणि तिनं ते त्यांना दिले नव्हते.

"नाही आलं, अप्पा."

त्यांनी मान हलवली की ती श्वासानं हलली, कळलं नाही. ओठ सुकले होते. ते काहीतरी म्हणाले. मास्कमधून ऐकू आलं नाही म्हणून ती वाकली.

"पाणी," ते म्हणाले. "तू दे."

आई उठत होती, ती परत बसली. लेकीनं पेल्यात बोटभर कापूस बुडवला, मास्क वर धरला आणि त्यांच्या ओठांना लावला. थेंब आत गेला, थोडा हनुवटीवरून ओघळला. तिनं तो पुसला आणि पुन्हा कापूस बुडवला.